शैलाताईंचं घुबड

लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शैला टेंबे यांनी बत्तीस वर्षं लोकांची शी तपासली. ‘मायक्रोबायॉलॉजीत होते’ असं म्हणता आलं असतं, पण शैलाताईंना तसली गुळगुळीत भाषा कधी जमली नाही. मंडळाच्या गणपतीत एखाद्या नव्याने आलेल्या मुलीने मोदक खाता खाता विचारलं, “काकू, तुम्ही कुठे जॉब करायचात?” की त्या शांतपणे सांगायच्या, “हॉस्पिटलात. शी बघायचे.” मुलीचा मोदक हातातच राहायचा आणि शैलाताई दुसरा मोदक उचलायच्या.

आता तुम्हांला वाटेल, अशा बाईला कशाची म्हणून किळस वाटत नसेल. छे हो! बाटलीत बंद होऊन, झाकण लावून, वर नावाचं लेबल चिकटवून आलं की ते सॅम्पल. त्याला नाक मुरडायचं काही कारण नाही. पण बाटलीबाहेर जगभर जे मोकाट पसरलंय, त्याने शैलाताईंच्या अंगावर काटा यायचा. सुपरमार्केटच्या ट्रॉलीचा दांडा, लिफ्टची बटणं, पबमधल्या वाडग्यातले सगळ्यांनी हात घातलेले शेंगदाणे, बसमध्ये शेजारी येऊन अंग झटकणारा ओला कुत्रा. चार वाक्यांमागे एक ‘शी!’ हा त्यांचा ठरलेला हिशेब. पर्समध्ये सॅनिटायझरच्या दोन बाटल्या असायच्या, एक संपली तर म्हणून दुसरी.

लॅबने त्यांना आणखी एक सवय लावली होती. दिसलं तेच लिहायचं. काचेखाली जंतू दिसला तर दिसला, नाही दिसला तर ‘नील’, म्हणजे काही नाही. डॉक्टरांना काय वाटतंय, पेशंटच्या घरच्यांना काय ऐकायचंय, याच्याशी आपला संबंध नाही. ही ‘नील’ घरातही आली. “अगं, डब्यात साखर आहे का?” असं विचारलं की स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, “नील!” मुलगी आश्लेषा लहान होती तेव्हा तिला वाटायचं, नील हा मराठीच शब्द आहे.

अशा बाईच्या नवऱ्याने रिटायर झाल्यावर काय करावं? बागकाम करावं, ब्रिज खेळावा, गेलाबाजार पोटावर हात ठेवून झोपावं. पण डॉक्टर गिरीश टेंबे, आयुष्यभर लोकांना भूल देण्याचं काम केलेला शांत, उंच माणूस, तो पाखरांच्या नादाला लागला. आणि नादाला लागला म्हणजे पुरताच लागला. आठ वर्षांत त्यांनी स्वतःभोवती एक टोळकं जमवलं. त्यात रवी मुळगावकर होता, वेकफील्डचा डॉक्टर, तीस वर्षांपूर्वी गिरीशरावांच्या हाताखाली शिकलेला आणि आज स्वतःचे केस पांढरे झाले तरी त्यांना ‘सर’च म्हणणारा. त्याची बायको शिल्पा होती. आणि अंशुमन नावाचा आयटीतला एक पोरगेला माणूस होता. या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘पाखरं’. महिन्यातून एक रविवार पाखरांचा. गिरीशराव बोट दाखवतील तिकडे सगळ्यांनी बघायचं, ते सांगतील ते नाव वहीत टिपायचं.

शैलाताईंचं मत विचाराल तर पक्षी म्हणजे पंख लावलेलं पोट. एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर, आणि मधल्या वेळात आरडाओरडा. पण जायच्या त्याही, दर वेळी.

एप्रिलमध्ये पाखरं घरटी बांधत, तेव्हा बाकीचे “कसली सुंदर वीण!” म्हणून हरखायचे आणि शैलाताईंना त्या घरट्यातल्या पिसवा दिसायच्या. जूनमध्ये ईस्ट कोस्टचे कडे. तिथे खडकाच्या कपारीकपारीत हजारोंनी पक्षी अंडी घालून बसतात आणि खालचा सगळा कडा चुन्यासारखा पांढरा होतो. वाऱ्याने दिशा बदलली की सडक्या माशांचा आणि अमोनियाचा असा भपका यायचा, की शैलाताई स्कार्फ नाकावर घट्ट बांधायच्या. गिरीशराव मात्र छाती भरून श्वास घ्यायचे.

“अहाहा! हा खरा उन्हाळा!”

“अहो, हा गू आहे.”

“ग्वानो म्हणतात त्याला, शैला.”

“इंग्रजीत म्हटलं म्हणून वास जातो का?”

शरद ऋतूत संध्याकाळी साळुंकीच्या जातीचे ते काळे पक्षी हजारोंच्या थव्याने आकाशात घिरट्या घालायचे. टोळकं माना वर करून, तोंडं उघडी टाकून बघत राहायचं. एकदा शैलाताईंनीच छत्रीखालून बजावलं, “तोंड मिट रवी, वरून पडतोय तो पाऊस नाहीये.” हिवाळ्यात रानबदकं आणि हंस यायचे आणि तळ्याकाठचं सगळं गवत हिरव्या लेंड्यांनी भरून जायचं.

मग ही बाई जायची कशाला? खरं सांगायचं तर जायच्या त्या गाडीतल्या तासासाठी. गिरीशराव गाडी चालवत काही तरी गुणगुणायचे, थर्मासमधला आल्याचा चहा, खिडकीबाहेर दगडी भिंतींमागची कुरणं, आणि घरातली कसलीच कामं समोर नाहीत. शिवाय शिल्पाचे साबुदाणा वडे. ते मात्र त्या तीन-तीन खायच्या, अर्थात आधी सगळ्यांच्या हातांवर सॅनिटायझर ओतून. पक्षी बघायच्या त्या लाकडी खोपटात, हाईडमध्ये, शिरल्या की पहिलं काम बाक पुसणं. मग खिडकीची फळी पुसणं. सगळे बाहेर बघायचे, शैलाताई आत पुसायच्या, आणि अशी आठ वर्षं मजेत गेली होती.

अलीकडे एका गोष्टीने मात्र त्यांचं डोकं फिरायचं. गिरीशरावांनी एक नवीन नखरा सुरू केला होता. बोलताना समोरच्याकडे सरळ बघायचंच नाही. कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून, भलतीकडेच नजर लावून बोलायचं. “हे काय ध्यान!” त्या म्हणायच्या. “माणसाकडे बघून बोलावं.” गिरीशराव हसायचे आणि मान आणखी तिरकी करायचे.

फेब्रुवारीतला रविवार. जुन्या कोळशाच्या खाणीत पाणी भरून झालेलं एक तळं, त्याच्या कडेने चिखलाची पायवाट आणि पायवाटेला लागून काटेरी हॉथॉर्नची कुंपणं. चाळीस मैल गाडी चालवून गिरीशराव आले होते. वाटेत एका गोल चौकात मागून कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला होता. “लोकांना घाई फार,” ते म्हणाले होते, आणि शैलाताईंनीही त्या हॉर्नवाल्यालाच चार शब्द सुनावले होते.

या पायवाटेचा शैलाताईंना विशेष तिटकारा होता, आणि त्याचं कारण कुत्रे नव्हते, कुत्र्यांची माणसं होती. कुत्र्याने घाण केली, ठीक. तू पिशवी काढलीस, घाण उचललीस, पिशवीला छान गाठ मारलीस, शाबास! आणि मग ती पिशवी झाडाला टांगलीस? देवाला नवस बोललायस का? उचललीस ना, मग ने की घरी! तळ्याच्या काठाने शंभर पावलांत त्यांनी अशा चार पिशव्या मोजल्या. एक काळी, दोन हिरव्या, एक फाटलेली. कौन्सिलला त्यांनी या विषयावर आजवर अकरा ईमेल केले होते आणि अकरा वेळा ‘तुमच्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ असं उत्तर आलं होतं. ते उत्तरही त्यांना त्या पिशव्यांइतकंच घाण वाटायचं.

गिरीशराव एकदम थांबले. हात वर केला. मागची सगळी माणसं जागच्या जागी गोठली.

“हलू नका कुणी,” ते कुजबुजले. मान तिरकी होती. “डावीकडे. हॉथॉर्नमध्ये, माझ्या डोक्याच्या उंचीवर. लाँग-इअर्ड आउल. दोन्ही कान उभे.”

घुबड! शैलाताईंनी एरवी ढुंकूनही बघितलं नसतं. पण मँचेस्टरला आश्लेषाच्या घरी त्यांची सहा वर्षांची नात होती, सारा, आणि साराला सध्या घुबडांचं वेड लागलं होतं. घुबडांचा पायजमा, घुबडांची दप्तरपिशवी, फोनवर रोज “आजी, मला एक खरा आउल पाहिजे.” येत्या शनिवारी शाळेला हाफ-टर्मची सुट्टी लागणार होती आणि आजोबा गाडी घेऊन तिला आणायला जाणार होते. आजीने खरं घुबड बघितलं आणि नातीला सांगितलं नाही, असं कसं होईल? शैलाताईंनी शिल्पाच्या गळ्यातली दुर्बीण मागून घेतली, सॅनिटायझरने तिच्या काचा पुसल्या, आणि डोळ्यांना लावली.

बत्तीस वर्षं मायक्रोस्कोप फिरवलेली बोटं ती. एका क्षणात चित्र स्वच्छ झालं. फांद्या, काटे, काट्यांवर थेंब. आणि मधोमध ते. मातकट रंगाचं, खाली जड, वर निमुळतं. वर दोन टोकं उभी.

टोकं गाठीची होती.

ती पिशवी होती. कुत्र्याच्या घाणीची, पर्यावरणाला पूरक वगैरे असते त्या मातकट जातीची, चांगली भरलेली पिशवी. वाऱ्याने जरा हलली आणि तिच्यावर प्लॅस्टिकची चमक आली. जगात शैलाताईंना एकच गोष्ट नक्की ओळखता येत होती, आणि ती त्यांच्यासमोर टांगलेली होती.

त्यांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारून रवीचा आवाज आला, “क्लासिक, सर. काय पोज आहे!”

“किती गोड!” शिल्पा कुजबुजली. “डोळे बघा ना कसे मिटलेत.”

“अप्रतिम, काका,” अंशुमन म्हणाला आणि वहीत टिपायला लागला.

शैलाताईंनी दुर्बीण खाली घेतली. डोळे मिटलेत? गाठीला डोळे? त्यांनी रवीकडे बघितलं. रवीच्या हातात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा होता. त्यातून पिशवीवरची सुरकुतीसुद्धा दिसली असणार. त्याने तो डोळ्याला लावला होता आणि बटण न दाबता खाली केला होता. त्याची नजर शैलाताईंच्या नजरेला भिडली आणि चटकन बाजूला वळली.

गिरीशराव आनंदाने लाल झाले होते. “आठ वर्षं वाट बघितली या पठ्ठ्याची,” ते म्हणत होते. “आठ वर्षं!”

पुढे थोड्या अंतरावर बाक होता. टोळकं तिथे टेकलं, शिल्पाने डबा उघडला. शैलाताईंनी रवीच्या जॅकेटची बाही धरली आणि त्याला तळ्याच्या कडेला नेलं.

“रवी, ते काय होतं?”

“वहिनी…”

“मी शी ओळखते, रवी. पोटासाठी तेच केलंय मी. तुला दिसलं की नाही?”

रवीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “दिसलं.”

“मग?”

“सरांना वाईट वाटेल म्हणून…” तो खाली बघत म्हणाला. “वहिनी, उन्हाळ्यापासून चाललंय हे. कड्यांवर गेलो होतो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. सर दाखवतात तिथे कधी काहीच नसतं, कधी दगड असतो. सुरुवातीला वाटलं, चुकतं कुणाचंही. मग कळलं, मधलं दिसत नाहीये त्यांना. दोन्ही डोळ्यांचं. पडद्याचा आजार आहे. मी विचारलं तर म्हणाले, कुणाला बोलू नकोस. मग आम्हीच म्हणायला लागलो, हो सर, दिसला सर.”

“आम्ही म्हणजे? शिल्पाला माहीत आहे? अंशुमनला?”

रवीने बाकाकडे बघितलं; शिल्पा आणि अंशुमनने चटकन माना फिरवल्या.

सगळं टोळकं. महिनेन् महिने. न दिसलेले पक्षी बघून माना डोलावणारं, वह्या भरणारं टोळकं. काय ती अदब, काय ते संस्कार! खोटा रिपोर्ट लिहायचा आणि वर त्याला प्रेम म्हणायचं. शी!

“आणि मी?” त्या म्हणाल्या. “मी तिथेच असायचे की. मला कसं कळलं नाही?”

रवी मुळातला सरळ माणूस. त्याला खोटं पटकन सुचलं नाही. “वहिनी, तुम्ही बाक पुसत असायचात,” तो म्हणाला.

हे मात्र लागलं. बाई जगाच्या फळ्या पुसत बसली आणि तिच्या घरात, तिच्या टेबलासमोर माणूस मान तिरकी करून बसला होता, त्याला ती ‘ध्यान’ म्हणत होती. दिसलं तेच लिहिणारी बाई! बघितलंच नव्हतं तर लिहिणार काय? शैलाताईंना आता स्वतःचीच किळस आली, आणि ती पुसायला पर्समध्ये काही नव्हतं.

“आणि गाडी?” त्यांनी विचारलं. आवाज चढला होता. “चाळीस मैल चालवत आणलंय त्यांनी मला आज. तेव्हा वाईट नाही वाटलं कुणाला?”

“मला वाटलं, तुम्हांला माहीत असेल. तुम्ही शेजारी बसता…”

“शनिवारी ते मँचेस्टरला चाललेत, रवी. साराला आणायला. एम सिक्स्टी-टू मोटरवेवरून. लॉऱ्यांच्या मधून. मागच्या सीटवर माझी नात असेल. तिथे कोण म्हणणार आहे, क्लासिक, सर?”

शैलाताई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्या तडक पायवाटेने मागे निघाल्या. कुंपणापर्यंत पोचायला मधला चिखल होता, त्यात बूट घोट्यापर्यंत गेले. हॉथॉर्नचे काटे बाहीत अडकले. हातमोजे पर्समध्ये होते, पर्स बाकावर होती. पिशवी थंड होती आणि ओली होती आणि धरल्यावर बोटांखाली दबली. त्यांना उमासा आला, तो त्यांनी गिळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लेबल नसलेलं, नाव नसलेलं, बाटली नसलेलं काहीतरी उघड्या हाताने उचललं. तोडताना काट्याने मनगट फाटलं.

बाकावर गिरीशराव हातात वडा घेऊन अंशुमनला घुबडांच्या कानांबद्दल सांगत होते. ते खरे कान नसतात, नुसती पिसं असतात, वगैरे. शैलाताई समोर येऊन उभ्या राहिल्या.

“तो वडा खाली ठेवा.”

“का गं?”

“ठेवा म्हणते ना! आणि हात पुढे करा.”

गिरीशरावांनी हात पुढे केला. शैलाताईंनी त्या तळहातावर पिशवी ठेवली. शिल्पाने तोंडावर हात घेतला. अंशुमन उठून उभा राहिला.

गिरीशरावांनी बोटांनी ती चाचपली. मग वास आला. चेहरा हळूहळू उतरत गेला.

“हे तुझं घुबड,” शैलाताई म्हणाल्या.

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला ‘तू’ म्हटलं होतं ते एकदाच, आश्लेषाच्या वेळी कळा देताना. आज दुसऱ्यांदा. गिरीशरावांनाही ते ऐकू आलं असणार, कारण ते एकदम ताठ बसले.

“कान होते गं,” ते म्हणाले.

“गाठ आहे. गाठीला दोन टोकं असतात.” शैलाताईंना धाप लागली होती. “जन्मभर लोकांना भूल दिलीस. ती माणसं टेबलावर डोळे मिटून पडलेली असायची, तुझ्या भरवशावर. तेव्हा मॉनिटरवरचा आकडा दिसला नसता तर अंदाजाने लिहिला असतास? लिहिला असतास का?”

“नाही.”

“मग मला कशी दिलीस? मी तर टेबलावर नव्हते, शेजारी बसले होते! गाडीच्या लायसन्सचा फॉर्म ऑक्टोबरात भरलास. डोळ्यांचा प्रश्न असतो त्यात. काय लिहिलंस?”

गिरीशराव पिशवीकडे बघत होते. म्हणजे पिशवीच्या बाजूला कुठेतरी. “चांगले आहेत म्हणून लिहिलं,” ते म्हणाले. “गेल्या मार्चात कळलं मला. गाडी गेली की हे सगळं गेलं, असं वाटलं. म्हटलं, एक उन्हाळा. मग म्हटलं, एक हिवाळा.”

“किती दिसतं?”

“कडेचं दिसतं. मधलं जातं. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नसतं.” ते थांबले. “तुझ्याकडे बघितलं ना, तर खांदे दिसतात, साडी… नाही, कोट दिसतो. चेहरा नसतो. म्हणून जरा बाजूला बघायचो. बाजूला बघितलं की थोडी दिसायचीस.”

शैलाताईंना आणखी बरंच काही बोलायचं होतं. फॉर्मबद्दल, गोल चौकातल्या त्या हॉर्नबद्दल, या चार शिकल्यासवरल्या बेअकलांबद्दल. त्यातलं काही बाहेर आलं नाही. त्यांनी नवऱ्याच्या हातातली पिशवी काढून घेतली, सॅनिटायझरची अख्खी बाटली आधी त्यांच्या हातांवर आणि मग स्वतःच्या हातांवर ओतली, आणि म्हणाल्या, “किल्ली.”

गिरीशरावांनी किल्ली दिली.

“वहिनी, गाडी मी चालवतो, शिल्पा आमची आणेल,” रवी पुढे होऊन म्हणाला.

“तू गप्प बस. तुम्ही सगळे गप्प बसा. आमच्या डब्यात दोन वडे ठेवा.” शिल्पाने रडत रडत डब्यात चार वडे ठेवले.

कार पार्कपर्यंत अर्धा मैल होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नवऱ्याचं कोपर, अशा शैलाताई चालत होत्या. वाटेत लाल कचरापेटी आली, तिच्यात त्यांनी पिशवी टाकली. ती अगदी रस्त्यातच होती, तरी कुत्र्यांच्या माणसांना दिसत नव्हती.

तळ्यातल्या एका खांबावर काहीतरी बसलं होतं. गिरीशरावांची मान तिरकी झाली.

“काय आहे ते?”

शैलाताईंनी बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा नीट, पुसायचं फडकं हातात नसताना बघितलं.

“काळं आहे. तेल लावल्यासारखं चिकट. पंख वाळत घातलेत, कुणाच्या घाणेरड्या कोटासारखे. खांब पूर्ण पांढरा करून ठेवलाय मेल्याने. चोचीला पुढे आकडा. गळ्याशी पिवळट, काविळीसारखं.”

“पाणकावळा,” गिरीशराव म्हणाले. मग जरा वेळाने, “मला इतका स्वच्छ कधीच दिसला नव्हता.”

“पुरे,” शैलाताई म्हणाल्या. “लाडात येऊ नका. राग गेलेला नाहीये माझा.”

गाडीत त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. सीट पुढे ओढली. स्टिअरिंग व्हीलवर नवऱ्याच्या बोटांचे डाग होते, ते पुसले. मोटरवेवर त्यांनी गेल्या दहा वर्षांत गाडी घातली नव्हती. त्यांनी फोन काढला, मँचेस्टरचा नंबर लावला आणि गिरीशरावांच्या हातात दिला.

“मी नाही बोलणार,” त्या म्हणाल्या. “तुमचा रिपोर्ट तुम्ही द्यायचा.”

“हाय बाबा!” इंग्लंडातच वाढलेल्या आश्लेषाचा मोडक्या मराठीतला आवाज आला. मागे साराचा दंगा ऐकू येत होता. “आउल भेटली का? सारा विचारतो कधीपासून.”

“आश्लेषा,” गिरीशराव म्हणाले. “शनिवारी मी नाही येऊ शकणार साराला न्यायला.”

“का? काय झाला? आर यू ओके?”

गिरीशरावांनी काचेतून समोर बघितलं, जिथे त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. “मला दिसत नाही गं, बाळा,” ते म्हणाले.

मग आश्लेषा रडत होती, इंग्रजीत प्रश्न विचारत होती, आणि तिचे बाबा एकेका प्रश्नाला खरं उत्तर देत होते. कधीपासून. किती. कोणते थेंब, कोणतं इंजेक्शन. फॉर्मवर काय लिहिलं. शेवटी आश्लेषा म्हणाली, शनिवारी ती आणि सारा ट्रेनने येतील, आणि फोन ठेवला.

खिडकीबाहेर टोळकं गाड्यांपाशी येऊन उभं होतं, जवळ यायचं धाडस कुणाला होत नव्हतं.

“शैला,” गिरीशराव म्हणाले. “तो पाणकावळा सांगितलास ना. तसं आणखी एक सांगशील?”

“काय?”

“तू. आत्ता कशी दिसतेस?”

“शी! हे काय भलतंच!”

“सांग ना. दिसतंय तेच सांग.”

शैलाताईंनी वरचा आरसा आपल्याकडे वळवला. बत्तीस वर्षांची सवय, आवाज आपोआप कोरडा झाला.

“केसांत काटकी अडकलीय. मुळाशी पांढरे, रंग गेलाय. गालावर चिखल, वाळलेला. नाकाला थेंब आलाय. वरच्या ओठावर लव. हनुवटीखाली कातडं लोंबतंय. मनगटातून थोडं रक्त. हाताला अजून कुत्र्याच्या गूचा वास येतोय.”

“आणि डोळे? डोळ्यांत काही?”

शैलाताईंनी आरशात बघितलं. डोळे काठोकाठ भरले होते, उजव्यातलं पाणी गालावरच्या चिखलातून वाट काढत खाली चाललं होतं. समोर इतकं ढळढळीत दिसत असताना उलटा रिपोर्ट त्यांनी आयुष्यात कधी दिला नव्हता.

“नील,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी गाडी सुरू केली.